पाव्हणं, मूळ गाव कंचं?

सातारा-सांगली भागात नवख्या माणसाला नावाआधी गाव विचारतात. गाव कळलं की आडनावाचा अंदाज येतो, आडनावावरून पाहुणे निघतात आणि पाहुणे निघाले की चहा साधा सांगायचा की स्पेशल, हे न बोलता ठरतं. अलीकडे हीच चौकशी सिनेमांच्या वाट्याला आली आहे. साताऱ्यात पोवई नाक्यावर, कराडला प्रीतिसंगमाच्या घाटावर किंवा सांगलीत विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्याशी चार पोरं हाँगकाँगची मारामारी, कोरियन सूडकथा, जपानी ॲनिमे आणि या सगळ्यांचे अमेरिकेत झालेले रिमेक यांवर बोलत उभी असली, तर जरा कान देऊन ऐकावं. गोष्ट कशी आहे हा प्रश्न तिथे फार उशिरा येतो. पहिला प्रश्न असतो, ‘ओरिजिनल बघितलाय का?’ २०१३ चा अमेरिकन ‘ओल्डबॉय’ पाहिलेल्याला इथे कुणी मोजत नाही. २००३ चा पार्क चान-वूकचा कोरियन ‘ओल्डबॉय’ पाहिलेला मधोमध उभा राहून बोलतो. पण ती गोष्ट मुळात एका जपानी मांगातली, म्हणजे चित्रकथेतली, हे ज्याला ठाऊक असतं तो काहीच बोलत नाही. नुसता हसतो आणि त्या हसण्यानं मधोमध उभा असलेला पार खचतो. ज्यानं संजय दत्तचा २००६ चा ‘जिंदा’ सगळ्यात आधी पाहिला, तो तेवढ्या वेळात सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायला निघून गेलेला असतो.

मूळ गाव विचारण्यात गैर काही नाही. पण चहाच्या गाड्याजवळच्या या न्यायालयाचा कायदा तपासला तर त्यात एकच कलम सापडतं: आपण जे आधी पाहिलं ते अस्सल, बाकीच्यांनी जे आधी पाहिलं ती नक्कल. हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’वरून (२००२) मार्टिन स्कॉर्सेसीनं ‘द डिपार्टेड’ (२००६) केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्या सोहळ्यात निवेदकानं मूळ सिनेमा जपानी असल्याचं सांगून टाकलं. ही हकीकत आपल्याकडचा रसिक अजून दातओठ खाऊन सांगतो, आणि हाँगकाँगला जपान म्हणणं म्हणजे सांगलीकराला कोल्हापूरकर म्हणण्यासारखंच असल्यानं त्याचा राग समजण्याजोगा आहे. मात्र हाच रसिक ‘अशी ही बनवाबनवी’चे (१९८८) संवाद झोपेतही म्हणतो. तो सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) आला आणि त्याच्याही मागे १९५५ सालचं बंगाली ‘जॉय माँ काली बोर्डिंग’ आहे, हे त्याला सांगितलं तर तो ‘असू दे की’ म्हणतो. ओल्डबॉयच्या बाबतीत हे ‘असू दे की’ त्याच्या तोंडून कधी निघत नाही. बाजीराव सिंघमचं तर काय सांगावं! राग आला की मराठीत उसळणारा हा फौजदार २०११ साली पडद्यावर आला, पण त्याचं मूळ गाव शोधत गेलं तर २०१० च्या ‘सिंगम’मधून थेट तमिळनाडूत पोचावं लागतं. आज त्याला परका म्हणायची कोणाची छाती आहे? तेव्हा हे रसिक मुळाचे कैवारी नसून आपल्या पहिल्या दर्शनाचे कैवारी आहेत, असं मानायला बरीच जागा आहे.

त्यांच्या वडिलांची पिढी या वादाकडे तुच्छतेनं पाहते. ‘एवढा घोडा झालास आणि कार्टून बघतोस’ हे वाक्य सातारा जिल्ह्यात आणि सांगली जिल्ह्यात एकाच चालीत म्हटलं जातं. म्हणणारे गृहस्थ १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी अंघोळ लांबणीवर टाकून दूरदर्शनसमोर बसत आणि मोगलीचा ‘जंगल बुक’ बघत. ती मालिका १९८९ ची, जपानमध्ये तयार झालेली, म्हणजे शंभर टक्के ॲनिमे होती. शीर्षकगीत गुलजारांचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, त्यामुळे जपान कुणाच्या लक्षातच आलं नाही. या मालिकेचं मूळ गाव काढायला बसलं तर माणूस वेडा होईल. लेखक इंग्रज, पण जन्मला १८६५ साली मुंबईत, गोष्ट मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलातली, चित्रं जपानी, भाषा हिंदी, आणि प्रेक्षक इस्लामपूरचा, ज्याची ठाम समजूत की मोगली आपलाच. ही समजूत चूक आहे असं मला म्हणायचं नाही. उलट या लेखात मला जे मांडायचं आहे ते त्या समजुतीतच दडलेलं आहे. गोष्ट कुठून आली यावर तिचं भलंबुरं ठरत नाही. नव्या गावात तिला काही काम मिळालं का, यावर ठरतं. रिमेक पडतात ते बहुधा मुळाशी बेइमानी केल्यामुळे नव्हे. ते पडतात ते नव्या गावात बेकार हिंडत राहिल्यामुळे.

पुरावा हवा असेल तर टोकियोला जायची गरज नाही, कृष्णाकाठानं गेलं तरी पुरे. १८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक ताफा सांगलीत आला आणि त्यांनी आपले खेळ करून दाखवले. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ते पाहिले आणि असं काही आपल्याकडे, मराठीत, जरा नीटनेटकं व्हावं असं त्यांच्या मनात आलं. काम विष्णुदास भाव्यांकडे गेलं. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, सांगलीत भाव्यांच्या नावाचं गौरवपदक देतो, भाषणं करतो. भाषणांत सगळं येतं. फक्त हा सगळा पसारा शेजारच्या भाषेतला खेळ पाहून ‘आपल्याकडे पण करूया’ या एका वाक्यातून निघाला, हे मात्र तोंडी लावण्यापुरतं येतं. आजच्या भाषेत बोलायचं तर मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग हा राजाश्रयानं झालेला रिमेक होता. आणि त्यात ॲक्शनही कमी नव्हती. विष्णुदासी नाटकांत राक्षस पार्टी ‘अलल्डुर्र’ अशा आरोळ्या ठोकत रंगमंचावर यायचे, तलवारींची खणाखणी व्हायची, आणि मग कथा पुढे सरकायची. ॲनिमेतला नायक शक्ती एकवटताना सलग किती वेळ ओरडतो, याची आज टिंगल करणाऱ्यांनी आपल्या पणजोबांनी कशासाठी तिकीट काढलं होतं ते एकदा आठवावं.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमाशी हरिपूर आहे. तिथले गोविंद बल्लाळ देवल हे माझ्या मते या विषयातले सर्वांत मोठे अधिकारी. ‘शारदा’ सोडली तर त्यांची बहुतेक नाटकं दुसऱ्याकडून आणलेली आहेत. ‘झुंझारराव’ (१८९०) म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. आणि ‘संशयकल्लोळ’? मोलिएरनं १६६० साली पॅरिसमध्ये एका संशयी नवऱ्याचं प्रहसन लिहिलं. त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये लंडनसाठी पाच अंकी नाटक बनवलं. ते देवलांच्या हाती लागलं, त्यातून १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ निघालं आणि १९१६ साली त्याच मालाला पदं लावून ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगमंचावर आलं. म्हणजे हा रिमेकचा रिमेक आणि वर स्वतःचाच आणखी एक रिमेक. चहाच्या गाड्याजवळच्या न्यायालयात हे प्रकरण उभं राहिलं तर पहिल्याच तारखेला निकाली निघेल. प्रत्यक्षात शंभरहून अधिक वर्षं झाली, फाल्गुनरावाला कुणी फ्रेंच म्हणत नाही. तो आपल्या पेठेत राहतो, बायको कृत्तिका माडीवर काय करते आहे याचा कानोसा घेत जिन्यात उभा असतो, हातात तसबीर सापडली की गल्लीभर शंका वाटत सुटतो. देवलांनी मोलिएरची वाक्यं जपली नाहीत, घर जपलं: वाडा, माडी, नायकिणीची बैठक, अब्रूची भीती, आणि चार लोकांत हसं होईल म्हणून चार लोकांतच केलेला आरडाओरडा. संशय पॅरिसचा असेल, पण त्याला राहायला जागा इथल्या वाड्यात मिळाली. असा एकही खांब ज्यानं नव्या घरात रोवला नाही, त्यानं रिमेक करायला घेऊ नये.

नदीच्या वरच्या अंगाला कराडजवळ टेंभू आहे. तिथे १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले. समाजसुधारक म्हणून आपण त्यांना भिंतीवर टांगून ठेवलं आहे, पण या गृहस्थांनी हॅम्लेट मराठीत आणला होता. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना त्यांनी हे काम हाती घेतलं आणि १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झालं. पुढे साताऱ्याचं जुनं नाव मिरवणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीतून गणपतराव जोशींनी हॅम्लेट असा गाजवला, की डेन्मार्क नावाचा देश कुठे आहे हे माहीत नसलेले लोक त्या राजपुत्रासाठी हळहळले. आणखी वर वाईला जावं. हे गाव म्हणजे भारतातला सर्वांत कष्टाळू नट आहे. प्रकाश झांच्या ‘गंगाजल’मध्ये (२००३) वाईनं बिहारचं काम केलं, ‘ओमकारा’मध्ये (२००६) आणि ‘दबंग’मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशचं, ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (२०१३) तमिळनाडूचं. एवढ्या भूमिका करून पुरस्कार एकही नाही. यातला ‘ओमकारा’ म्हणजे पुन्हा ऑथेल्लोच. एकाच नदीच्या काठी हरिपूरकरानं त्याला झुंझारराव केलं आणि सव्वाशे वर्षांच्या आत वाईच्या घाटावर तो मेरठची बोली बोलू लागला. आणि घाटाचंच बोलायचं तर जवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, देवळाशी जी प्रचंड घंटा टांगली आहे, ती वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. आजवर एकाही भाविकानं ‘आवाज ओरिजिनलसारखा येत नाही’ अशी तक्रार केलेली नाही.

टेंभूचं नाव आज आगरकरांपेक्षा उपसा सिंचन योजनेसाठी जास्त घेतलं जातं. कृष्णेचं पाणी तिथून उचलून पंपांच्या टप्प्याटप्प्यानं खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडे नेतात. आटपाडीच्या डाळिंबवाल्याला पाणी महाबळेश्वरात उगम पावलं की आणखी कुठे, याच्याशी कर्तव्य नसतं. पाणी आलं का आणि कुठल्या पिकाला दिलं, एवढंच तो विचारतो. रिमेकचंही नेमकं असंच आहे. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये (१९५४) धन्यावाचून उपाशी फिरणारे सामुराय आणि त्यांना भाताच्या बोलीवर राखणीला ठेवणारे शेतकरी आहेत, दोन्ही पक्ष एकमेकांना मनातून घाबरतात, आणि सिनेमाचं पीक त्या भीतीवर उभं आहे. अमेरिकेनं १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला तेव्हा सामुराय नव्हते, पण ज्याचं युग संपत चाललं आहे असा भाडोत्री बंदूकबाज त्यांच्याकडे होता. पंधरा वर्षांनी ‘शोले’त महागाईमुळे सातावरून दोनावर यावं लागलं आणि गावकऱ्यांच्या जागी हात गमावलेला ठाकूर आला, पण वर्दीतल्या माणसाचा वैयक्तिक सूड ही आपल्या मातीत हमखास येणारी बी होती. तिन्ही सिनेमे टिकले. आता २०१७ ची अमेरिकन ‘डेथ नोट’ घ्या. जपानी मूळ कथेतला लाइट यागामी हा परीक्षांत पहिला येणारा, थंड डोक्याचा, स्वतःला देव समजू लागलेला मुलगा. ज्याचं नाव वहीत लिहावं तो मरतो, अशी वही त्याच्या हाती लागते. अमेरिकेत त्याचा सिअ‍ॅटलचा एक बावचळलेला पोरगा झाला, जो मृत्युदेव पाहून किंचाळतो. वही तीच राहिली, देव तोच राहिला, पण अव्वल नंबराचा माज तेवढा गळाला. माझं तर असं मत आहे की या गोष्टीला सिअ‍ॅटलपेक्षा आपला मुलूख जास्त मानवला असता. गुणवंतांचे फोटो लावलेले क्लासचे फ्लेक्स, नीटचे पर्सेंटाइल दशांशापर्यंत पाठ असलेले नातेवाईक, आणि पहिल्या आलेल्या मुलाकडे बघण्याची समाजाची ती ओलसर नजर: त्या पोराच्या हाती वही द्यायचा अवकाश, पहिल्या पानावर दुसऱ्या नंबरवाल्याचं नाव पडलं असतं.

‘धडक’ (२०१८) याच रोगानं गेला. ‘सैराट’वर (२०१६) सातारा-सांगलीकरांचा जीव आहे, करमाळा सोलापूर जिल्ह्यात असलं तरी. धडकमध्ये पोरगी होती, पोरगा होता, पळून जाणं होतं, गाणी तर अजय-अतुलांचीच होती; फक्त ज्या जातीच्या भिंतीवर ती दोघं डोकं आपटतात ती भिंत उदयपूरच्या राजवाड्यात मावेना म्हणून बाहेरच ठेवली. मग ती दोघं नक्की कशापासून पळताहेत, हे कळायला वाव राहिला नाही. २००९ च्या ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’नं याहून मोठी करामत केली: विश्वाचं रक्षण करणाऱ्या गोकूला अमेरिकन शाळेतला, वर्गातली दांडगी पोरं ज्याला छळतात असा विद्यार्थी करून टाकलं. पटकथाकारानं २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली आणि आपण पैशाकडे बघून काम घेतलं हे कबूल केलं. उलट २०२३ ची ‘वन पीस’ची अमेरिकन मालिका मूळ मांगाकार एइचिरो ओदा यांच्या देखरेखीखाली झाली आणि रबरासारखा ताणला जाणारा तो टोपीवाला पोरगा माणसांच्या जगातही हास्यास्पद वाटला नाही. इथे निष्ठावंत म्हणतील, बघा, मुळाशी इमान राखलं म्हणूनच जमलं. पण कागदावरच्या पानांतलं काय माणसाच्या अंगावर शोभेल आणि काय नाही, हे तिथे कुणीतरी बसून ठरवलं होतं. त्या निवडीलाच मी काम मिळणं म्हणतो.

एक आक्षेप वजनदार आहे. देवलांनी शेक्सपिअर घेतला तेव्हा तो गुलामानं मालकाकडून घेतला होता; हॉलिवूड कोरिया-जपानकडून घेतं तेव्हा ते श्रीमंतानं केलेलं खरेदीखत असतं, आणि वर आशियाई पात्र गोऱ्या नटीला देऊन टाकतात. २०१७ च्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये स्कार्लेट योहान्सनला घेतलं तेव्हा याच मुद्द्यावर मोठं रान उठलं. तक्रार खोटी नाही. आशियाई नटांना अमेरिकेत कामं कमी मिळतात, हे दुखणं खरंच आहे. गंमत एवढीच की १९९५ च्या मूळ ॲनिमेचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांना त्या निवडीत काही वावगं वाटलं नव्हतं, आणि कराडचा एखादा निष्ठावंत त्यांच्या वतीनं अजून उपोषणाला बसलेला आहे. पैशाचं म्हणाल तर उघड चोरीचा खटला इटालियन सर्जिओ लिओनेच्या नावावर आहे. त्यानं कुरोसावाचा ‘योजिम्बो’ (१९६१) न विचारता उचलून ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला, प्रकरण वकिलांकडे गेलं आणि तडजोडीत जगभरच्या उत्पन्नाचा १५ टक्के वाटा जपानला द्यावा लागला. आता अडचण अशी की हा चोरीचा माल अप्रतिम आहे आणि रीतसर हक्क विकत घेऊन केलेले कितीतरी रिमेक बघवत नाहीत. शिवाय खुद्द योजिम्बोचं नातं डॅशिएल हॅमेटच्या अमेरिकन कादंबऱ्यांशी सांगतात, म्हणजे पाणी परत जिथून आलं तिथेच. हक्काचे पैसे दिलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण पावती दाखवून सिनेमा चांगला होत नाही आणि पावती नाही म्हणून वाईटही होत नाही. मोलिएरच्या वारसांना हरिपुरातून एक आणाही गेल्याची नोंद नाही.

दुसरा आक्षेप सांगलीकरांनी घ्यावा असाच आहे. संवाद बदलता येतात, माणसाचं अंग कसं बदलणार? ब्रूस लीची लाथ किंवा जॅकी चॅनची शिडी घेऊन केलेली मारामारी त्या शरीराच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून येते. अमेरिकन रिमेकवाले दर सेकंदाला कॅमेरा बदलून नुसतं मारल्यासारखं दाखवतात. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या जिल्ह्यातल्या माणसाला कोण खरं भिडलं आणि कोणी नुसती मिठी मारली, हे शंभर फुटांवरून कळतं, त्यामुळे हा आक्षेप सहज उडवून लावता येत नाही. कोरियन ओल्डबॉयमधली बोळातली मारामारी एका दमात चित्रित केली आहे. नायक हातोडी घेऊन लढतो, दमतो, भिंतीला टेकतो, पुन्हा उठतो. अमेरिकन आवृत्तीत हातोडी आहे, बोळासारखी जागाही आहे, दम लागणं राहून गेलं. तरीही अंग परक्या जागी रुजतच नाही, हे काही खरं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीच्या मॅटवर कांस्यपदक घेऊन आले. त्याच वजनी गटातलं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीनं नेलं होतं. कराड विरुद्ध जपान हा सामना सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे आणि आपण त्याचा निकाल पदरी कांस्य घेऊन सन्मानानं स्वीकारला आहे. उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर इंडोनेशियाच्या सिलाट विद्येवरचा सर्वांत जबरदस्त सिनेमा ‘द रेड’ (२०११) दिग्दर्शित केला गॅरेथ इव्हान्स नावाच्या वेल्समधल्या माणसानं. त्यानं लढवय्ये तिथलेच घेतले आणि कॅमेरा लांब ठेवून गप्प उभा राहिला. एवढा संयम असला तर मूळ गाव कुठलंही चालतं.

‘पण सबटायटल असताना रिमेक हवाच कशाला?’ हा तिसरा सवाल. त्याच्या आत आणखी एक भाऊबंदकी आहे: सबवाले आणि डबवाले. सबवाल्यांना जपानी कळत नाही, पण आवाजातला दर्द कळतो. डबवाल्यांना हिंदी कळतं आणि तेवढ्यात त्यांचं जेवणही होतं. दोघांचा एकमेकांशी रोटीबेटी व्यवहार नाही. मिरजेतल्या तीन वर्षांच्या पोरानं आजीला ‘नहीं’ म्हणावं इतका डोरेमॉन आणि शिनचॅनचा हिंदी डब घराघरात मुरला आहे. मराठी डबकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही, आणि या विषयावर उपोषणाला बसलेला एकही निष्ठावंत आढळत नाही. खाली लिहिलेलं वाचून गोष्ट समजते, यात शंका नाही. पण समजण्यानंच भागलं असतं तर सांगलीकरांना इंग्रजी शिकवून मर्फीचं नाटक वाचायला देणं देवलांना कमी खर्चाचं पडलं असतं. लोकांना तसबिरीचा घोटाळा समजून घ्यायचा नव्हता, आपल्या शेजाऱ्याच्या घरी झालेला बघायचा होता. तो आनंद पट्टी वाचून मिळत नाही. हा आनंद देऊ न शकणारा रिमेक मात्र खरोखरच अनावश्यक, आणि त्याबाबतीत पोवई नाक्यावरच्या पोरांचं आणि माझं एकमत आहे.

तरीही कुणाला मूळ गाव काढायचंच असेल तर त्यानं गोकूचं काढावं, कारण त्यात आपल्याच अंगावर बालंट येण्याची सोय आहे. गोकू हे नाव चिनी कथेतल्या वानरराज सुन वुखोंगचं जपानी रूप. ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातल्या कादंबरीतला हा वानर ढगावर उडतो, लांबणारी काठी फिरवतो आणि एका भिक्षूला भारतात घेऊन येतो. तो मुळात हनुमान, असं चिनी विद्वान हू श यांनी १९२० च्या दशकात मांडलं; लू शुन यांनी ते साफ नाकारलं आणि मूळ एका चिनी जलराक्षसात दाखवलं. म्हणजे ओरिजिनल कुठलं हा वाद चीनमध्येही चांगली शिकलेली माणसं घालत होती, आणि तिथेही निकाल लागलेला नाही. हू श यांचं खरं धरलं तर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी नऊ सातारा-सांगलीत आहेत. चाफळ, मसूर, उंब्रजपासून बहे आणि शिराळ्यापर्यंत. ड्रॅगनबॉलचं पेटंट आपल्याकडे मागावं इतकी ही संख्या आहे. जपान्यांनीही हा हिशेब थोडाफार चुकता केला आहे: युगो साको यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला राम मोहन यांना बरोबर घेऊन रामायणावर ॲनिमे केलं, ते २०२५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत लागलं, आणि भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत लावलेलं सीतेचं स्वयंवर त्यात पुन्हा, जपानी हातानं, लागलं.

आणि तो भिक्षू? तो कल्पित नव्हता. ह्युएनत्संग सातव्या शतकात खरोखरच इथे येऊन गेला आणि पुलकेशीच्या राज्यातल्या महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलं. लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे, अपमान झाला तर जिवावर उदार होणारे. आणि सूड घ्यायचा असला तर शत्रूला आधी कळवतात, त्याला शस्त्र हाती घेऊ देतात, मग लढतात. ॲनिमे पाहणाऱ्याला हे वाचून अंगावर काटा येईल. हल्ला करण्यापूर्वी थांबायचं, स्वतःची ओळख करून द्यायची, पुढच्या वाराचं नाव मोठ्यानं जाहीर करायचं आणि तोवर समोरच्यानं शांतपणे उभं राहायचं, हा जो जपानी ॲनिमेचा न बदलणारा रिवाज, ज्यावर सगळं जग हसतं, त्याची नोंद एका चिनी प्रवाशानं आपल्या नावावर करून ठेवली आहे. कराड-इस्लामपूरच्या मंडळींनी या पुराव्याचा हवा तेवढा उपयोग करावा, माझी हरकत नाही. सांगलीकरांनी मात्र हा दावा मिरजेच्या पुढे गेल्यावर जरा हळू आवाजात करावा, कारण पुलकेशीची राजधानी बदामीला होती, आणि सीमाभागात आधीच पुष्कळ खटले चालू आहेत.